नावं गेलेले काठ

भिवापूर मागे पडलं की बसच्या खिडकीतून वाळत घातलेल्या मिरचीचा खकाणा आत येतो. मग थोड्या वेळानं धानाच्या बांध्या सुरू होतात, आणि मला कळतं की पवनी आता फार लांब नाही. परवा गेले तेव्हा मांडीवरच्या पिशवीत एक नवी डिस्क होती, मऊ कापडात गुंडाळलेली. विणकर संस्थेच्या संगणकाची जुनी प्रणाली नव्या आवृत्तीवर न्यायची होती. नागपुरात मी पोटापाण्यासाठी हेच करते. मोठ्या कचेऱ्यांची यंत्रं एका आवृत्तीवरून दुसरीवर नेते, आणि ती बंद पडू देत नाही. या कामाची मला आता भीती वाटत नाही. पण हे काम मी जिथे शिकले ती खोली पवनीत आहे, मागांच्या हॉलला लागून, आणि त्या खोलीत शिरले की मी क्षणभर एकवीस वर्षांची होते.

आधी वास येतो. भाताच्या खळीचा आंबूस वास, आणि त्याच्याखाली ओल्या कोशाचा. कोसा, म्हणजे टसर रेशमाचे कोश, उकळताना जो वास सुटतो तो पहिल्यांदा आलेल्या माणसाला नकोसा होतो. मलाही झाला होता. दोन महिन्यांनी मात्र घरी गेल्यावर आई म्हणाली, तुझ्या ओढणीला तो वास येऊन राहिला, आणि मी ओढणी नाकाला लावून पाहिली तर मला काहीच आला नाही. तेव्हापासून मी तिथली झाले असं मी धरते.

नागपुरातून डिप्लोमा करून आलेली मी घरातली पहिली. बाबा तहसील कचेरीत शिपाई होते. संस्थेला संगणकावर बसणारं माणूस हवं होतं, कारण अध्यक्षांचा पुतण्या, जो आधी बसायचा, तो नोकरीसाठी पुण्याला निघून गेला होता. गावात ते यंत्र चालवता येणारी मी एकटीच होते, म्हणून मला ठेवलं. चहाचा कप मला वेगळा नव्हता, पण प्यायल्यावर तो माझा मीच धुऊन पालथा घालावा, असं कुणी न सांगताच ठरलेलं होतं. मी धुवायची.

यंत्रावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती. आमच्या कॉलेजातल्या सरांनीच ती कधीतरी येऊन फुकटात बसवून दिली होती. काळा पडदा, पांढरी अक्षरं. अध्यक्षांना वाटायचं की यंत्र बिघडलेलं आहे, कारण त्यांच्या मेहुण्याच्या संगणकावर सुरू करताच चित्र यायचं. मला तो काळा पडदा आवडायचा. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, आणि चूक असेल तर यंत्र तिथल्या तिथे सांगायचं. माणसांमध्ये ती सोय नव्हती.

उन्हाळ्यात सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत, चारच तास वीज असायची. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर मी दर तासाला पाण्याचा हबका मारायची, आणि तो ओला गारवा यंत्राकडे जाऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा उभा करायची. पावसाळ्यात भिंती घामेजायच्या, माऊसच्या पोटातला गोळा चिकट व्हायचा. आणि थंडीत नानाजी यायचे.

नानाजी संस्थेचे काठ काढणारे. कोष्टीपुऱ्यातलं जुनं घर, चार पिढ्यांचा माग. त्यांनी स्वतः विणणं सोडलं होतं, गुडघ्यांमुळे. पण साडीचा काठ कसा दिसेल ते चौकड्यांच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक घर भरून तेच ठरवायचे. थंडीत सकाळी ते खोलीत येऊन त्या जाड्या मॉनिटरच्या पाठीमागे उभे राहायचे आणि त्याच्या जाळीतून येणाऱ्या उबेवर हात शेकायचे. संगणकाला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "तुह्यं ते चालू झालं का?" एवढंच विचारायचे. हात गरम झाले की मागांकडे निघून जायचे. दिवसभर भिंतीपलीकडून धोट्याचा आवाज यायचा आणि मधेच कुणाचा तरी धागा तुटला की त्या मागापुरती शांतता पडायची. त्या आवाजातून कोण काय करतंय ते मला ओळखता यायला लागलं होतं.

एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी माग होता का?"

"आजोबाचा होता. जाडंभरडं विणत. मंग सोडला."

"काहून सोडला?"

"बाबासाहेबांमागं गेले तवा गावातलं जुनं सारंच सोडलं. मागही गेला."

ते हात चोळत होते. "जाडं विणणं सोपं नसते," म्हणाले. "जाड्यात हात लपत नाही."

त्यांचे सगळे कागद त्या पुतण्यानं स्कॅन करून यंत्रात भरून ठेवले होते. चारशेच्या वर काठ. फायलींना नावं म्हणून त्यानं नुसते क्रमांक दिले होते, एक, दोन, तीन, असे. कुणाला एखादा काठ हवा असला की मला वीस-पंचवीस उघडून दाखवावे लागायचे. मूळ कागदांचे गठ्ठे माळ्यावर पडून होते. संगणकात आलं म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि एका पावसाळ्यानंतर माळा उघडला तर वाळवीनं त्यांची मातीची चाळण करून ठेवली होती. नानाजींनी त्यातला एक तुकडा उचलला, तो बोटांत विरला. मीच म्हणाले, "नानाजी, माझ्याकडे सगळे आहेत." हे मी छातीठोकपणे म्हणाले होते.

लिनक्सची नवी आवृत्ती दोन सीडींवर आली. कॉलेजच्या मैत्रिणीनं नागपूरहून बसच्या कंडक्टरकडे दिल्या होत्या. मराठी अक्षरं त्या आवृत्तीत नीट दिसणार होती, म्हणून मला घाई झालेली. आधी सगळ्याची प्रत काढून ठेवा, असं पहिल्याच पानावर लिहिलेलं मी वाचलं होतं. प्रत कशावर काढणार? दुसरी डिस्क नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, लोकांना भीती असते म्हणून असं लिहितात.

सकाळी वीज आल्या आल्या सुरू केलं. पडद्यावर ओळी सरसर चढत होत्या, जुनं काढून नवं बसत होतं, आणि मी त्या ओळींकडे पाहत चहा पीत होते. मग एक ओळ थांबली. डिस्कवर जागा उरलेली नाही. सरांनी डिस्कवर प्रणालीसाठी ठेवलेला कप्पा लहान होता आणि नवी आवृत्ती अंगानं मोठी. निम्मं नवं बसलं होतं, निम्मं जुनं निघून गेलं होतं. मी साधी यादी मागायची आज्ञा दिली, तीही चालेना. प्रत्येक आज्ञेला एकच उत्तर, अमुक एक भाग सापडत नाही. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. ते उठलंच नाही.

तिथं थांबायला हवं होतं. सीडीवरून यंत्र कसंबसं जागं केलं आणि डिस्क तपासायला लावली, काठांचा मोठा कप्पासुद्धा. तपासणी मला प्रश्न विचारायला लागली. इथे बिघाड आहे, दुरुस्त करू का? मी हो म्हटलं. इथे? हो. इथे? हो, हो, हो. वाय या अक्षरावर बोट ठेवून मी नुसती दाबत राहिले. आणि मग संगणकाच्या डब्यातून एक आवाज यायला लागला. टक्. थोडं थांबून, टक्. डिस्क आतून मरायला लागली होती, आणि मी मरत्या डिस्कवर दुरुस्त्या लिहीत होते.

यंत्र बंद केलं. मागांच्या हॉलच्या ओट्यावर नानाजी पेन्सिलीला टोक करत बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, प्रत काढली नव्हती हेही.

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. "किती गेले?"

"माहीत नाही."

"मंग आधी पाह्य. पाह्यल्याबिगर कायले रडून राहिली?"

रडतेय हे मला तेव्हा कळलं.

एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्ता यंत्र बंद आहे?" मी हो म्हटलं. "छान. पहिली शहाणपणाची गोष्ट केलीस. आता त्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. नवी डिस्क आण. जुनी जशी आहे तशी, दगडाधोंड्यांसकट, नवीवर उतरवून घे. जे वाचता येत नाही ते सोडून पुढे जा. दुरुस्ती नंतर, तीही नकलेवर." मी ते बूथमधल्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. आजही मी नव्या मुलांना हेच सांगते, फक्त दगडधोंडे वगळून.

बाबांकडून पैसे घेऊन नागपूरला गेले, डिस्क आणली. सीडीवरून यंत्र जागं केलं आणि उतरवणं सुरू झालं. निरोगी डिस्क तासाभरात उतरली असती. ही जागोजागी अडायची, टक् करायची, पुन्हा प्रयत्न करायची, मग हार मानून पुढे सरकायची. वीज जायची वेळ झाली की कुठवर आलं तो आकडा कागदावर लिहायचा आणि दुसऱ्या सकाळी तिथून पुढे. नानाजींनी मागांच्या हॉलमधला टेबलफॅन आणून उघड्या डब्यासमोर ठेवला. "तापून राहिलं," म्हणाले. 'चालू झालं का' एवढं सोडलं तर यंत्राबद्दल त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. मग ते खुर्ची ओढून बसले. टक् झालं की ते डोळे मिटायचे, कुणाला सुई टोचताना मिटावेत तसे.

चौथ्या दिवशी नक्कल पूर्ण झाली. सरांनी सांगितल्याप्रमाणे नकलेवर तपासणी चालवली. फायली निघाल्या. पण बहुतेक सगळ्या एकाच खणात जाऊन पडल्या होत्या. या प्रणालीत असा एक खण असतो. ज्या फायलींचा घरपत्ता मोडला, ज्यांना कुठे ठेवावं ते यंत्राला कळत नाही, त्या तिथे टाकल्या जातात. हरवले-सापडले, असंच त्याचं नाव. तिथे फायलीला नाव नसतं, नुसता यंत्रानं दिलेला लांबलचक आकडा असतो. पुतण्यानं दिलेले क्रमांकही गेले होते. कुठला काठ कुठला, मला काहीही सांगता येत नव्हतं.

"उघडून दाखव," नानाजी म्हणाले.

पहिला उघडला. वरून खाली हळूहळू पडदा भरत गेला. छोटे छोटे तीन टोकांचे आकार, एकाआड एक उलटे.

"शिंगाडा," नानाजी म्हणाले. मी ते रोमन अक्षरांत टाइप केलं. "बालसमुद्र तळ्याच्या पाण्यात शिंगाड्याचे वेल असत. माही बहीण लग्न होऊन गेली त्या सालचा. तिले शिंगाडे आवडत."

दुसरा. "जवसफूल. निळ्या धाग्यासाठी काढलता. निळा मिळालाच नाही, मंग हिरव्यात विणला."

तिसरा. "हे वल्ही. डोंग्याची. घाटावर बसून काढलं, तवा पूल नव्हता."

असं सुरू झालं. दुपारी माग जेवायला थांबले की नानाजी यायचे, खिशातून चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायचे, आणि मी फाईल उघडायची. सारसपाऊल. मोहाची गळ. धानलोंबी, आणि धानलोंबीची धाकटी. एक वेडावाकडा काठ आला तो पाहून ते हसले. त्याचं नाव तुडतुडा. ज्या साली धानावर तुडतुडे किडे पडले होते त्या साली हातात पेन्सिल धरवत नव्हती, म्हणाले, मंग तेच काढले. मी नुसतं नाव टाइप करायला बसले होते, पण नावामागून माणसं यायला लागली. कुणाचं लग्न, कुणाचा मळा, उमरेडच्या भाचीनं परत पाठवलेली साडी. शेवटी मी शेजारी एक वही घेतली. विणणाऱ्या बाया डबे घेऊन दारात येऊन बसायला लागल्या. कुणी म्हणायची, "हे मी विणली होती, नानाजी, हे जवसफूल नाही, हे अंबाडी होय." मग दोघांची हुज्जत. मी दोन्ही नावं लिहायची.

काही चित्रं अर्धीच आली. वरचा भाग स्पष्ट, खाली राखाडी पट्टा. तिथली घरं डिस्कबरोबर गेली होती. अशा वेळी नानाजी चौकड्यांचा कागद मागायचे आणि उरलेली घरं तिथल्या तिथे भरून द्यायचे. पण एक आला, दोन मोरांचा, त्यावर त्यांचा हात अडला. पेन्सिल कागदावर टेकवली आणि उचलली.

"आठवत नाही," म्हणाले. "इथवरच होता असं समज."

माझ्या तोंडून निघालं, "माझ्यामुळं गेला, नानाजी."

"तुह्यामुळं गेला. अन् बाकीचे तुह्यामुळं राहिले. दोन्ही लिहून ठेव, अन् पुढचा उघड."

मी पुढचा उघडला.

त्याच आठवड्यात अध्यक्ष आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. दारात उभं राहून माझ्याकडे न पाहता ते नानाजींना म्हणाले, "म्हणून मी म्हणत होतो, आपल्या घरातला माणूस बसवा. एवढं मोठं नुकसान."

मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर घेतले. नोकरी गेली असं मला वाटलं, आणि गेली तर ती न्यायानंच गेली असंही वाटलं.

नानाजींनी चष्मा काढला. "आपल्या घरातल्यानं आकडे टाकलते," ते म्हणाले. "सहा वर्षं माहे काठ आकड्यानं पडून होते, मलेच सापडत नव्हते. ही नावं टाकून राहिली. तिचं होऊ दे, मंग बोला."

अध्यक्ष पडद्याजवळ आले. मग त्यांनी विचारलं, "त्यात आमच्या आईच्या साडीचा काठ आहे का? पिवळा होता."

"कालच आला, नानाजींनी ओळखला," मी म्हणाले आणि उघडून दाखवला. तो विषय नंतर निघाला नाही. त्या दुपारी चहा आला तेव्हा नानाजींनी आपला कप संपवला, माझा रिकामा कप त्याच्यात ठेवला आणि दोन्ही घेऊन नळावर गेले. गुडघे दुखत असताना. मी उठायला लागले तर म्हणाले, "तू टाइप कर." बाया पाहत होत्या. दुसऱ्या दिवसापासून कप विसळणारी बाई माझाही विसळायला लागली.

शेवटी सात काठ गेले. बाकीचे सगळे आले, नावांसकट. मी नव्या डिस्कवर प्रणाली पहिल्यापासून बसवली, तिचा कप्पा ऐसपैस ठेवला, आणि सगळ्या काठांच्या दोन प्रती काढल्या. एक संस्थेच्या कपाटात, एक आमच्या घरी, बाबांच्या कागदपत्रांच्या पेटीत. नानाजी म्हणाले होते, एका घरात दोन्ही ठेवू नको. ते वाक्य मी नंतर खूप महागड्या पुस्तकांत वाचलं.

चार वर्षांनी मी नागपूरला गेले. मुलाखतीत मला विचारलं होतं, तुमच्या हातून झालेलं सर्वात मोठं नुकसान कोणतं. बाकीचे उमेदवार काय सांगत होते मला माहीत नाही. मी सात काठ सांगितले. दोन मोर कसे होते तेही सांगितलं. त्यांनी मला घेतलं.

नानाजी गेले तेव्हा मी पोचेपर्यंत घाटावरून सगळे परतले होते. संस्थेच्या दारात दोन बाया बोलत होत्या, एक दुसरीला विचारत होती, तुह्या मागावर सध्या काय आहे, आणि दुसरी म्हणाली, तुडतुडा. ती बाई संस्थेत येऊन दोनच वर्षं झाली होती.

परवा खोलीत गेले तर कुंदा आधीच यंत्र सुरू करून बसली होती. कुंदा तिथली विणकर. गेल्या वर्षीपासून संगणकाचं कामही तीच पाहते. फोनवर मी तिला थोडं थोडं शिकवत आले आहे. मी पिशवीतून डिस्क काढली. तिनं ती माझ्या हातातून घेतली, जोडली, प्रत काढायला लावली, आणि प्रत पूर्ण झाल्यावर तिच्यातल्या दहा-बारा फायली उघडून पाहिल्या. मग प्रणालीच्या कप्प्यात किती जागा मोकळी आहे ते पाहिलं. एका कागदावर तिनं पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या आणि झालेल्या पायरीवर ती पेनानं रेघ मारत होती. मी एक-दोनदा काही सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिच्या कागदावर ते पुढच्याच ओळीत होतं.

"आता चालू करतो," ती म्हणाली.

"मी थांबू का?"

"थांबा नं. पण इथं नको. तिकडं मागापाशी बसा. तुमी मागं उभ्या असल्या की मले घाई होते."

मी हॉलमध्ये जाऊन तिच्या मागाच्या पट्टीवर बसले. खिडकीतून ऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांवर पडलं होतं आणि कोशाचा तो मातकट पिवळा रंग त्या उन्हात उजळून निघाला होता. शेजारच्या मागावरच्या बाईनं मला विचारलं, नागपूरले थंडी आहे का. मी आहे म्हटलं. आम्ही मुलांच्या शाळेबद्दल बोललो. ती बोलता बोलता विणत होती. तासभर तरी गेला असेल. आतून यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतानाची ती छोटी पीं ऐकू आली, आणि मग काहीच नाही. शेजारची बाई बोलायची थांबली नाही, पण मी तिचं ऐकत नव्हते.

"ताई," कुंदाचा आवाज आला, "झालं. सारं आहे."

मी बसल्या जागेवरून बरं म्हटलं. उठून पाहायला गेले नाही.